डावा कौल

"आई, काहीही झालं तरी हा डबा बंद करायचा नाही. बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. समजलं?"

निषादनं हे मार्चमध्ये सांगितलं होतं, टीव्हीचा नवा डबा भिंतीवर ठोकून स्टुलावरून उतरता उतरता. वैजयंतीबाईंनी मान डोलावली होती, पण मनात थोडं हसू आलं होतं. जुन्या डब्याच्या वेळी हाच मुलगा फोनवरून नेमकं उलटं सांगायचा. "चित्र अडकलं ना? बंद कर, वीसपर्यंत मोज, चालू कर. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानं होतं." वैजयंतीबाई आकडे मोजत नसत. वीस वेळा गावच्या देवीचं, माउलीचं, नाव घेत. चित्र यायचं, आणि ते बटणानं आलं की नावानं, हा वाद मायलेकांत कधी मिटला नाही.

आज सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पडद्यावर माउली अडकली होती.

धूपारती चालू असतानाच अडकली. दाजी गुरवांचा हात हवेत तसाच थांबला होता. धूर पिंजलेल्या कापसासारखा एका जागी उभा. समईची ज्योत हलत नव्हती. खाली कोपऱ्यात ते चक्र गोल फिरत होतं. गरगर नव्हे, सावकाश, कुणाची काही घाई नसल्यासारखं.

वैजयंतीबाई पाटावर बसून होत्या. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, वर पेला पालथा. लग्न होऊन त्या कोकणातल्या पिंपळखोलहून नाशिकला निघाल्या, त्या दिवशी सासूबाईंनी पदराला फोटो बांधून दिला होता. "माउलीचं तोंड बघितल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एवढा एक नेम माझ्यासाठी कर." अठ्ठावीस वर्षं झाली. आधी फोटो होता, मग दाजी रोज सकाळी फोनवर ताजं चित्र पाठवायचे, आणि आता सात वर्षं देवळातल्या कॅमेऱ्यातून आरतीच घरात यायची. नेम कधी मोडला नव्हता. तापात नाही, निषादच्या जन्माच्या दिवशी नाही, नवऱ्याचा देह दवाखान्यातून घरी आणला त्या सकाळीसुद्धा नाही.

अडकलेली माउली म्हणजे दर्शन झालं का? सव्वासातपर्यंत त्या तेच घोकत बसल्या. तोंडाला कोरड पडली. शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं तपासायला सुरुवात केली. डब्यावरचा दिवा हिरवा होता, म्हणजे बाहेरून येणारी तार ठीक होती. पाककृतींचं चॅनल लावून बघितलं. एक बाई तेलात पुऱ्या सोडत होती, त्या टम्म फुगत होत्या. म्हणजे घरातलं सगळं जागच्या जागी होतं. फक्त माउली येत नव्हती. दाजी या वेळी पूजेत, फोन घेत नसत. निषादला फोन लावला, तो उचलला नाही.

"क्षमा कर हं," असं मुलाला म्हणाल्या की देवीला, त्यांनाच कळलं नाही. स्टुलावर चढून त्यांनी बटण दाबलं. वीस वेळा नाव घेतलं. पुन्हा दाबलं.

दिवा हिरवा झाला. पुऱ्यांची बाई आली. माउलीचं चॅनल लावलं तर ते अडकलेलं चित्रसुद्धा गेलं. काळा पडदा, त्यावर तेच चक्र, आणि खाली एक ओळ, जी याआधी कधी दिसली नव्हती : 'मूळ चित्राची वाट पाहत आहे.'

*

फोन केल्यावर कंपनीनं पाठवलेली दुरुस्तीवाली नऊच्या सुमारास आली. करुणा पगारे. चाळिशीची, खांद्यावर हत्यारांची पिशवी, केसांत पेन खोचलेलं. दारातच चपला काढल्या.

"काकू, पंख्याखाली बसा आधी. चेहरा बघा कसा झालाय. पाणी घ्या."

"माझा नेम आहे. चित्र लागलं की घेईन."

करुणानं तांब्याकडे, काळ्या पडद्याकडे आणि मग वैजयंतीबाईंकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. तिनं तार काढून फुंकर मारली, दुसऱ्या यंत्राला लावली, आकडे बघितले. "तुमची लाइन ठणठणीत आहे. आमच्या साहेबांच्या घरीही नसेल अशी." मग मांडीवर काचेची पाटी घेऊन ती डब्याच्या पोटातल्या नोंदी चाळू लागली, आणि चाळता चाळता तिचं बोट मंदावलं.

"काकू, हे चॅनल कुठलं म्हणालात?"

"आमच्या गावच्या देवीचं. खाली, सिंधुदुर्गात."

"आणि रोज नीट दिसायचं?"

"आरशासारखं. पूर्वी पावसाळ्यात फार अडकायचं, दोन-दोन दिवस यायचं नाही. दाजींना फोन करून नुसतं 'आरती झाली का' विचारायचं, त्यांचा घंटेचा आवाज ऐकायचा आणि तेच दर्शन मानून पाणी प्यायचं. हा डबा आल्यापासून एक दिवस खंड नाही. मी तर निषादला आशीर्वाद दिले."

करुणानं पाटी त्यांच्यासमोर धरली. लांबलचक पट्टी होती, एकेका दिवसाची एकेक रेघ. थोडा भाग पांढरा होता, बाकी सगळा निळा.

"पांढरं आहे ते तिकडून खरंच आलेलं," ती म्हणाली. "निळं आहे ते या डब्यानं इथे काढलेलं."

"काढलेलं म्हणजे?"

करुणानं दारातल्या रांगोळीकडे बोट दाखवलं.

"समजा तुम्हाला ही रांगोळी दुसऱ्या गावी पाठवायचीय. पूर्वी काय करायचे? रांगोळीचा कण न् कण गाडीत भरून पाठवायचे. गाड्या कमी पडल्या, रस्ते तुंबले. मग या नव्या डब्यांत युक्ती काढली. रांगोळी पाठवायची नाही, नुसते ठिपके कळवायचे. तिकडे बसलेली बाई हुशार, तिला शंभर रांगोळ्या येतात, ती ठिपक्यांवरून सगळी भरते. तुमच्या डब्यात ती बाई आहे. तिनं तुमची देवी महिनोन् महिने पाहिली, गुरवाचा हात कसा फिरतो, ज्योत कशी हलते, सगळं तिला पाठ. ठिपके येतात, ती भरते. कुणाला फरक कळत नाही."

"आणि ठिपके आलेच नाहीत तर?"

"तर स्वतःच ठिपके मांडते. अंदाजानं. चित्र थांबू द्यायचं नाही, हे तिचं काम. तिच्या आठवणीत मूळ चित्र आहे तोवर तिचं चालतं. आज काहीतरी बिनसून ती मध्येच अडकली, तुम्ही डबा बंद केलात आणि ती आठवण पुसली गेली. आता तिला सुरुवातीला एक तरी खरं चित्र तिकडून हवं. ते येत नाही, म्हणून चक्र फिरतंय." करुणानं पट्टीवर बोट फिरवलं. "तुमच्या देवळाजवळचा टॉवर आषाढातल्या वाऱ्यात पडलेला दिसतोय. तेव्हापासून तिकडून चित्र असं येतच नाही, इथला आवाज तेवढा तिकडे पोचतो. खरं सांगू? आज पहिल्यांदा हा डबा खरं बोलतोय."

वैजयंतीबाईंचा हात नकळत तांब्याकडे गेला आणि मागे आला.

म्हणजे आषाढापासून आजपर्यंत रोज सकाळी कुणाचं तोंड बघून त्या पाणी प्यायल्या होत्या?

मग एक शब्द मनात आला. आषाढ.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका बारीक निघाला की करुणाला वाकावं लागलं, "आठ जुलैची रेघ कुठली?"

*

सुषमा त्यांची नणंद, लाडानं सुशी. पिंपळखोलला बालवाडी चालवायची. भाऊ गेल्यावर वयनी, म्हणजे वैजयंतीबाई, एवढंच माहेर तिला उरलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा सुषमाचा हात वैजयंतीबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, "हिला अंतर देऊ नकोस." माउलीच्या फोटोसमोर त्यांनी शब्द दिला होता, "नाही देणार."

गेल्या वर्षी सुषमाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. यंत्राची मूत्रपिंडं येणार येणार म्हणतात, पण ती अजून चाचण्यांतच अडकलेली. वैजयंतीबाईंनी कुणालाही न सांगता तपासण्या करून घेतल्या. जुळलं. रक्ताचं नातं नाही म्हणून सरकारी समितीपुढे बसावं लागलं. पाच जणांनी उलटसुलट विचारलं, "कुणाचा दबाव आहे का?" त्या म्हणाल्या, "दबाव कसला? शब्द आहे." परवानगीचा कागद मिळाला, पंधरा ऑक्टोबरपर्यंतचा.

निषाद मात्र ऐकल्यापासून बिथरला होता. "बाबा पण अशाच साध्या ऑपरेशनला गेले होते. परत आले?" असं म्हणून त्यानं हैदराबादहून दोन रात्री फोन करकरून भांडण केलं. आणि मग अचानक शांत झाला.

तेवढ्यात वैजयंतीबाई घरच्या रिवाजाला लागल्या होत्या. सासरी, तेंडोलकरांच्या घरात, मोठ्या कामाला कौल घेतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. गुरव माउलीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे श्वास रोखून बघतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गावाकडे धो धो पाऊस, घाट बंद. दाजी म्हणाले, "वयनी, थयसूनच बघा. तुमचो आवाज देवी ऐकता."

आठ जुलैला सकाळी त्यांनी पदर पसरून, मोठ्यानं विचारलं होतं, "माझ्या सुशीला माझं मूत्रपिंड देऊ का, आई?"

पडद्यावर डावी पाकळी हलली. सुटली. पाषाणावरून घसरत खाली आली. उजवी जागची हलली नाही.

त्या दिवसभर रडल्या होत्या. संध्याकाळी याच डब्याच्या पडद्यावरून सुषमाशी बोलल्या. "देवी नाही म्हणते गं." आणि सुषमा किती शहाण्यासारखी म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. देवीच्या इच्छेपुढे आपलं काय चालणार? मी बरी आहे." त्यानंतर दर गुरुवारी बोलणं व्हायचं. सुषमाचा रंग उजळलेला दिसायचा. एका गुरुवारी तर तिनं भेंडीची भाजी बुळबुळीत होऊ नये म्हणून काय करता, असं विचारलं आणि दोघी त्यावर पाऊण तास बोलल्या.

एकच गोष्ट वैजयंतीबाईंना खटकली होती, पण खटकण्यासारखी म्हणून नव्हे, कौतुक म्हणून. सुशी जन्मात कधी एक वाक्य पुरं करत नसे. "वयनी, ता... जाऊ दे, तुमका कळला मा?" अशी तिची तऱ्हा. आणि आता बघावं तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नेटकी. आजारपणानं माणूस शांत होतं, असं त्या समजल्या होत्या.

*

आठ जुलैची रेघ अथपासून इतिपर्यंत निळी होती.

"तुमचा आवाज तिकडे गेलाय," करुणा पाटीवर बघत म्हणाली. "तिकडून काहीच आलेलं नाही."

"मग पाकळी?"

करुणानं केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं.

"काकू, या डब्यात घरप्रमुखाला एक सोय असते. घरात लहान पोरं असतील, म्हातारी माणसं असतील, तर दोन ओळी लिहून ठेवता येतात. भीतीदायक दाखवू नको, रडकं दाखवू नको, असं. डबा भरताना त्या ओळी बघून भरतो." तिनं पाटी जवळ ओढली. "तुमच्या घरप्रमुखानं लिहिलंय. वाचू?"

"वाचा."

"'आईला या ऑपरेशनपासून दूर ठेवायचं. तिला दुखवायचं नाही. हळूहळू वळवायचं.' चार जुलै, रात्री सव्वाबारा."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मेथी, शेपू, ताजी मेथी.

"डब्याला ऐकू येतं," करुणा हळूच म्हणाली. "तुम्ही काय विचारलंत ते त्याला कळलं. चित्र तर त्यालाच काढायचं होतं. दोन पाकळ्या, त्यातली एक पाडायची होती. समोर ही ओळ होती. त्यानं डावी पाडली."

"आणि गुरुवारची? सुषमाची?"

पांढरं अगदी थोडं होतं, आणि तेही चेहऱ्याच्या कडेकडेचं. बोलणं निळं.

वैजयंतीबाई ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी पदराच्या टोकानं पाटावरचा नसलेला कण झटकला.

"मी लेखी तक्रार करते," करुणा म्हणाली. "कंपनीला ह्याचा जाब द्यावा लागेल. ही सोय अशी वापरायला ठेवलेली नाही."

"कंपनीचं तुम्ही बघा बाई. घरातलं मी बघते."

"मग मी ती ओळ पुसू? आणि निळं दाखवूच नको, अशी खूण करून ठेवू? टॉवर दुरुस्त झाला की खरं तेवढंच दिसेल."

"नको. राहू दे तसंच. ज्यानं लिहिली त्यालाच पुसू दे."

जाताना करुणा उंबऱ्याशी अडखळली. "काकू, पाणी तरी..."

"पिईन हो. कुणाचं तरी तोंड खरं दिसू दे आधी."

*

पडदा त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवला. मग कपाटातला जुना साधा फोन काढला, ज्यात चित्र येतच नाही, नुसता आवाज येतो. दाजी गुरवांना लावला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग दाजींचा कोरडा आवाज आला. "बोला, वयनी." यापूर्वी दाजी कधी असे बोलत नसत. 'काय गो वयनीनू, नाशकाक पाऊस असा मा?' अशी सुरुवात असायची.

"दाजी, आठ जुलैला माउलीनं कुठला कौल दिला?"

दाजी म्हणाले, "ह्या आता माका इचारतास?"

"सांगा ना."

"उजवो दिल्यान. एका दमात दिल्यान, पाकळी ठेवलेली ती खाली. अख्ख्या देवळान बघल्यान. मी मोठ्यान सांगितलंय, वयनी, देवी होय म्हणता. तुमी रडलास आणि सांजच्याक सुषमाक सांगितलास, देवी नाय म्हणता. वयनी, द्यायचा नसात तर नाय द्यायचा. शरीर तुमचा. कोणी काय म्हटला नसता. पण देवीच्या नावान खोटा कित्याक बोललास?"

वैजयंतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि सुशी काय म्हणाली?"

"ती काय म्हणतली? माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, दाजी, वयनीक कायएक इचारू नका, असा मागणा मागूचा नसता. पण एका गुरवारी रवला नाय तिका. तुमका इचारल्यान, वयनी, कौल उजवो आसताना तुमी नाय कित्याक म्हणतास? तर तुमी हसलास. हसलास, आणि भेंडयेची भाजी कशी करूची ता सांगूक लागलास."

मग दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिसापासून ती देवळात येणा नाय. पायरेपण चढूक जमणा नाय आता. आठवड्याक तीन दिस सावंतवाडीक न्हेतत, रक्त धुवूक. आजपण न्हेल्यानी."

वैजयंतीबाईंना तो गुरुवार आठवला. पडद्यावर सुषमा गालात हसत होती. 'वहिनी, तुमची भेंडी बुळबुळीत होत नाही, काय करता तुम्ही?' आणि त्या म्हणाल्या होत्या, आधी पुसून घ्यायची गं, ओली चिरायची नाही, आणि झाकण ठेवायचं नाही.

पलीकडे, खऱ्या खोलीत, रडून सुजलेल्या डोळ्यांची सुशी हे ऐकत बसली होती. पाऊण तास.

"दाजी," त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही. मला डावा दिसला. कसा दिसला ते सांगायला वेळ लागेल. मी येऊन सांगते. सुशीला मात्र काही बोलू नका."

"येतास? खरा?"

"आता पडद्यावरून नको. येतेच."

*

निषादचा फोन अकराला आला. चित्राचा. त्यांनी तो घेतला नाही, आवाजाचा येईपर्यंत थांबल्या.

"आई, काय झालं? सकाळी तुझा फोन येऊन गेला... डबा बंद केलास का? मी सांगितलं होतं ना..."

"केला."

एवढा एक शब्द ऐकून तो गप्प झाला. त्या गप्प होण्यातच सगळं आलं.

"ती दुरुस्तीवाली आली होती. तू लिहिलेली ओळ तिनं मला वाचून दाखवली."

"आई, ऐक. मी कौल पाडला नाही. देवीशप्पथ. मी फक्त एवढंच लिहिलं की आईला जपा. त्यानं काय दाखवावं हे मी सांगितलं नव्हतं."

"पण तुला कळलं कधी?"

तो काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे विचारलं.

"मी तुला त्या रात्री फोन करून सांगितलं ना, माउलीनं डावा दिला. तेव्हा?"

"...तेव्हा कळलं."

"आणि तू म्हणालास, 'बघ आई, देवीलाही माझंच पटलं.'"

निषाद ओरडला. "मग काय करणार होतो मी? तू माझं ऐकत नव्हतीस. डॉक्टरांचं ऐकत नव्हतीस, मामांचं ऐकलं नाहीस. तू फक्त देवीचं ऐकतेस! बाबांना मी दारात टाटा केला होता, आई. बारावीला होतो. संध्याकाळी येतो म्हणाले. मला तुलापण तसं... सुषमाआत्याचं मला वाईट वाटत नाही का? वाटतं. पण तू माझी एकटीच आहेस."

वैजयंतीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्याचं भय खोटं नव्हतं. हेच तर जड होतं. लहानपणी झोपेत तो त्यांच्या पदराची गाठ मुठीत धरून झोपायचा. सोडवायला गेलं की मूठ आणखी आवळायचा. ती मूठ अजून तशीच होती, फक्त आता तिच्यात डबे आणि ओळी मावत होत्या.

"तू मला कोंडून ठेवलं असतंस तरी मी समजू शकले असते, निषाद. भांडला असतास, पाया पडला असतास. कागद फाडला असतास, तरी. पण तू माझ्या देवीच्या तोंडून बोललास. आणि सुशीच्या तोंडून बोललास. ती मला रडत विचारत होती आणि मी तिला भेंडीची भाजी सांगत होते."

"ते मला माहीत नव्हतं, आई. गुरुवारचं खरंच माहीत नव्हतं."

"बघायला हवं होतंस. एकदा माणसाच्या तोंडात शब्द घालायला सुरुवात केली की ते कुठे थांबतात, हे बघायला हवं होतंस."

तो रडत होता. त्यांना वाटलं, नेहमीसारखं म्हणावं, असू दे रे, जेवलास का? शब्द ओठांपर्यंत आलाही. त्यांनी तो गिळला.

"मी सावंतवाडीला जातेय. तिथून कोल्हापूरच्या दवाखान्यात. कागदाला अजून सोळा दिवस आहेत. यायचं असेल तर ये, मला बरं वाटेल. पण स्वतःच्या पायांनी ये. पडद्यातून येऊ नकोस."

"आई, तुला काही झालं तर?"

"तर तू तिथे असशील," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

*

बॅगेत त्यांनी दोन साड्या ठेवल्या, तपासण्यांची फाईल ठेवली, परवानगीचा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फाईलच्या मधोमध ठेवला. सासूबाईंनी पदराला बांधून दिलेला तो जुना फोटो देवघरातून काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, माउलीचं नाक पुसट झालेलं. एवढी वर्षं हलणाऱ्या माउलीच्या नादात त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. तो जसा होता तसाच होता. तेवढाच दाखवत होता जेवढा त्याला ठाऊक होता.

बघितलं. पण ह्याला दर्शन म्हणायचं की नाही, हे मन सांगेना. आषाढापासूनचा नेम मोडलेलाच होता, आणि तो फोटोनं सांधला जाईल असं त्यांना वाटेना. त्याचं प्रायश्चित्त माउलीच्या पायरीवरच. तोवर पाणी नको, असं मनानं ठरवून त्या बॅगेची चेन ओढू लागल्या, आणि हात थांबला.

तपासणीच्या दिवशी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेऊन सांगितलं होतं, "ताई, उपासतापास काय ते करा, पण पाणी सोडू नका. सकाळी उठल्या उठल्या आधी पाणी. आता ते मूत्रपिंड तुमच्याकडे नुसतं ठेवायला दिलंय, असं समजा."

सकाळपासून साडेअकरापर्यंत कोरडं. पुढे चौदा तासांचा प्रवास, तोही कोरडा. कुणाच्या वस्तूचे हे हाल?

वैजयंतीबाई पाटावर बसल्या. पालथा पेला सुलटा केला. तांब्यातलं पाणी ओतलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून, दर्शनाआधी पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग त्या थांबल्या नाहीत. "सुशीचं आहे," एवढंच त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, आणि पेला रिकामा करून पुन्हा भरला.

दुसरा पेला संपवून त्या उठल्या. स्टुलावर चढून डब्याचं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. सवयीनं वीस वेळा नाव घेतलं, शांतपणे, एकेक. विसावं नाव झालं तेव्हा त्या स्टुलावरून उतरून चपला घालत होत्या.

बाटली भरून घेतली. दार ओढून कुलूप लावलं, एकदा हिसडून बघितलं. जिना उतरताना अर्धी बाटली प्यायल्या.